न्यूजग्रुपवरची सपोर्ट कम्युनिटी वेब फोरमवर न्यायची आहे? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

एखादं जुनं सॉफ्टवेअर असतं, कॅड म्हणा, कंपायलर म्हणा, डेटाबेस म्हणा, आणि ते वापरणाऱ्यांचा न्यूजग्रुप, म्हणजे एका विषयावर मेसेज टाकून चर्चा करायची इंटरनेटवरची जुनी जागा, वीस-पंचवीस वर्षं चालू असतो. मग एक दिवस वरून निरोप येतो की न्यूज सर्व्हर बंद करायचाय, सगळं फोरमवर घ्या. आणि हे काम बऱ्याचदा टीममधल्या सगळ्यात नव्या पोराकडे किंवा पोरीकडे जातं, जिने न्यूजग्रुप कधी उघडूनही बघितलेला नसतो. पुण्यात, हैदराबादला बसून अमेरिकेतल्या-युरोपातल्या प्रॉडक्टचा सपोर्ट सांभाळणारी आपली बरीच मंडळी आहेत, त्यांच्यापैकी कुणाच्या अंगावर हे आलं असेल तर हे वाचा, इतरांनीही वाचा.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रश्न विचारणारे कुठेही येतात, गूगल त्यांना आणून सोडतं. उत्तरं देणारी माणसं मात्र मोजकी असतात, फुकट देतात, आणि त्यांना नवीन जागा पटली नाही तर भांडणबिंडण काही न करता गप यायची बंद होतात. म्हणून प्रत्येक निर्णयाच्या वेळी एकच विचारायचं, की याने उत्तरं देणाऱ्याचं काम सोपं होतंय की अवघड.

आधी न्यूजग्रुप आतून बघा

न्यूजग्रुप म्हणजे वेबसाईट नव्हे. असे ग्रुप ज्यातून आले त्या सर्व्हरांच्या जाळ्याची, म्हणजे यूजनेटची, कल्पना १९७९ ची, ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांची, म्हणजे वेब यायच्या कितीतरी आधीची. मेसेज सर्व्हरवरून आपल्याकडे आणणारा प्रोटोकॉल म्हणजे एनएनटीपी, तो १९८६ चा, आणि तो अजूनही पोर्ट ११९ वर तसाच चालतो. वाचायला न्यूजरीडर नावाचा प्रोग्रॅम लागतो. विंडोज एक्सपीच्या काळात आउटलुक एक्सप्रेस मशीनबरोबरच यायचं आणि त्यात न्यूजग्रुप वाचता यायचे, आज थंडरबर्डमध्ये ती सोय आहे.

तर थंडरबर्ड टाका, त्यात तुमचा न्यूज सर्व्हर जोडा, ग्रुप सबस्क्राईब करा आणि आठवडाभर नुसतं वाचा. काही लिहू नका. वाचताना बघा की माणूस नुसतं एन बटण दाबत दाबत पुढच्या न वाचलेल्या मेसेजवर जातो, माऊसला हात लावत नाही, शंभर मेसेज चहा संपेपर्यंत बघून होतात. कुठला थ्रेड, म्हणजे मेसेज आणि त्याच्या उत्तरांची साखळी, कुठे फुटला ते झाडासारखं डाव्या बाजूला दिसतं. एखादा माणूस नको असेल तर फिल्टर लावून त्याचं तोंडही बघावं लागत नाही. नेट नसताना वाचता येतं, उत्तर लिहून ठेवता येतं. हे ज्याला पंधरा वर्षं अंगवळणी पडलंय त्याला तुम्ही ब्राउझरमध्ये पानं उलटायला लावणार आहात, हे लक्षात असू द्या.

अजून एक गोष्ट याच आठवड्यात शोधून काढा, तुमचा ग्रुप कंपनीच्या स्वतःच्याच सर्व्हरपुरता आहे की पब्लिक यूजनेटवर पसरलेला आहे. नुसता स्वतःचा असेल तर तो बंद करणं तुमच्या हातात आहे. पसरलेला असेल तर नाही, कारण त्याच्या प्रती जगभरातल्या दुसऱ्यांच्या सर्व्हरवर असतात आणि तिथे लोक लिहीत राहू शकतात. मायक्रोसॉफ्टने २०१० च्या मे महिन्यात आपले न्यूजग्रुप बंद करणार असं जाहीर केलं आणि जूनपासून टप्प्याटप्प्याने बंद केले, पब्लिक ग्रुपच दोन हजारांच्या आसपास होते. पण त्यांचा सर्व्हर गेला तरी त्या ग्रुपांच्या प्रती इतरांच्या सर्व्हरवर राहिल्याच. म्हणजे तुम्ही निघून गेलात तरी जुन्या जागी कुणीतरी प्रश्न विचारत बसलेला असणार, त्याचीही सोय लावावी लागते, ते पुढे येईलच.

उत्तरं देणाऱ्यांची यादी करा आणि त्यांच्याशी बोला

गेल्या दोन वर्षांचे मेसेज घ्या, पाठवणाऱ्याच्या नावाने मोजा, मग त्यातून फक्त उत्तरं वेगळी काढा, म्हणजे ज्यात आधीच्या मेसेजचा संदर्भ आहे अशी. बहुतेक ग्रुपांत चित्र एकच दिसतं, थोडी नावं सगळा भार उचलत असतात. ही यादी म्हणजे या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा कागद.

त्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र मेल लिहा. सरसकट अनाउन्समेंट नको, नाव घेऊन, त्याने दिलेल्या एखाद्या उत्तराचा उल्लेख करून लिहा, आणि घोषणा व्हायच्या आधी लिहा. माणसाला स्वतःच्या ग्रुपचं भवितव्य जाहीर पोस्टमधून कळलं की त्याचं मन उठतं. विचारा की न्यूजरीडरमधली कुठली गोष्ट गेली तर तुम्हाला चालणार नाही. उत्तरं साधारण ठरलेली येतात, न वाचलेलं नेमकं कळलं पाहिजे, मेलवरून उत्तर देता आलं पाहिजे, साधा मजकूर पाहिजे, जाहिराती आणि उड्या मारणाऱ्या चित्रांची भानगड नको. यातलं बरंचसं आजच्या फोरमांत करता येतं, फक्त कुणीतरी ते सेटिंग चालू करावं लागतं आणि ते कुणी सांगत नाही.

तीन रस्ते आहेत, एक निवडा

पहिला रस्ता, न्यूजग्रुप ठेवायचा आणि त्याच्यावरच वेबचं तोंड बसवायचं. डी प्रोग्रॅमिंग लँग्वेजवाल्यांनी हे फार सुंदर केलंय. त्यांचा फोरम ब्राउझरमध्ये उघडा, नेहमीच्या फोरमसारखा दिसतो, पण तोच मेसेज न्यूजरीडरमध्येही दिसतो आणि मेलिंग लिस्टवरही जातो, कुणी कुठूनही लिहिलं तरी सगळ्यांना एकच संभाषण दिसतं. ते चालवणारं सॉफ्टवेअर डीफीड, ओपन सोर्स आहे, आणि पान उघडायचा वेग बघून माणूस चकित होतो. ज्यांची जुनी मंडळी खूप आणि पक्की आहेत, त्यांनी हा विचार आधी करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा रस्ता पुलाचा, फोरम हा मुख्य आणि न्यूजरीडरवाल्यांना त्यात डोकावायची खिडकी. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये त्यांच्या फोरमांसाठी असा एनएनटीपी ब्रिज दिला होता, तो आपल्या मशीनवर चालवायचा आणि न्यूजरीडरने त्याला जोडायचं. एफयूडीफोरम या फोरमच्या सॉफ्टवेअरमध्येही न्यूजग्रुपशी जोडायची सोय आहे. पुलाचा त्रास असा की तो कुणीतरी सांभाळावा लागतो, एका बाजूला मेसेज एडिट झाला की दुसरीकडे जुनाच राहतो, लाईक आणि चित्रं पलीकडे जात नाहीत, आणि वर्षभराने सांभाळणारा माणूस टीम सोडून गेला की पूल पडतो. पूल बांधायचाच असेल तर तो किती महिने राहणार ते पहिल्या दिवशीच सांगून टाका.

तिसरा, पूर्ण स्थलांतर. मोझिलाने २०२१ मध्ये आपला न्यूज सर्व्हर बंद केला. ऱ्हायनो हे थ्रीडी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या मॅक्नीलने त्याच्याही बऱ्याच आधी, २०१३ च्या सुमारास, न्यूजग्रुप सोडून डिस्कोर्स हे फोरमचं सॉफ्टवेअर धरलं, तेव्हा डिस्कोर्स नुकतंच आलं होतं. तिथे प्रॉडक्ट बनवणारे लोक स्वतः येऊन उत्तरं देतात, जागा भरलेली राहण्यात याचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. पुढे मी पूर्ण स्थलांतर धरून, आणि फोरम डिस्कोर्स आहे असं धरून लिहितोय, पीएचपीबीबी किंवा दुसरं काही असेल तरी पायऱ्या त्याच.

जुनं सगळं उतरवून घ्या, कच्चं

ही पायरी फोरम निवडायच्याही आधी केली तरी चालेल, किंबहुना आजच करा. न्यूज सर्व्हर जुने मेसेज काही काळाने टाकून देतो, किती दिवस ठेवायचे ते सेटिंग असतं, आणि कुणी ते कमी केलं तर पाच वर्षांचा मजकूर एका रात्रीत जातो. दुसरीकडे सापडेल या भरवशावर राहू नका. यूजनेटचे मेसेज साठवणाऱ्या डेजान्यूज या वेबसाईटचा १९९५ पासूनचा साठा २००१ मध्ये गूगलने घेतला, लोकांना वाटलं आता कायमची सोय झाली, पण २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्समध्ये यूजनेटचा नवा मजकूर यायचा बंद झाला, जुनं तेवढं बघता येतं.

उतरवायचं कसं ते जवळून सांगतो, कारण इथेच नवीन माणूस अडखळतो. सर्व्हरला जोडलं की तो २०० किंवा २०१ आकडा देतो, २०० म्हणजे लिहायला परवानगी आहे, २०१ म्हणजे फक्त वाचा. ग्रुपचं नाव देऊन ग्रुप कमांड दिली की २११ येतं आणि त्याच्यापुढे तीन आकडे, अंदाजे किती मेसेज, सगळ्यात लहान नंबर, सगळ्यात मोठा नंबर. मग लहानापासून मोठ्यापर्यंत एकेक नंबर मागत जायचं. २२० आलं की मेसेज मिळाला, ४२३ आलं की तो नंबर नाहीये, कुणी तरी रद्द केला असेल किंवा मुदत संपली असेल, थांबायचं नाही, पुढचा मागायचा. मेसेज संपल्याची खूण म्हणजे ओळीवर एकटा एक टिंब. आणि म्हणूनच ज्या ओळीची सुरुवातच टिंबाने आहे तिला सर्व्हर एक जादा टिंब लावून पाठवतो, ते आपण काढायचं असतं. हे विसरलं की लोकांच्या कोडमध्ये आणि फाईलींच्या नावांत दोन दोन टिंबं दिसायला लागतात आणि कळत नाही हे कुठून आलं.

पायथनमध्ये यासाठी एनएनटीपीलिब नावाचं तयार मॉड्यूल होतं, इंटरनेटवरच्या बहुतेक जुन्या स्क्रिप्टा त्याच्यावर आहेत, पण पायथन ३.१३ मधून ते काढून टाकलंय. त्यामुळे स्क्रिप्ट चालत नाही म्हणून डोकं आपटू नका, पायथन ३.१२ किंवा त्याआधीचं घ्या, किंवा सरळ सॉकेट उघडून लिहा, प्रोटोकॉल इतका साधा आहे की दिवसभरात होतं.

प्रत्येक मेसेज वेगळ्या फाईलीत, जसा आला तसा, बाईट न बाईट ठेवा. वाचून, साफ करून, यूटीएफ-८ करून ठेवायचा मोह होतो, करू नका. साफसफाई कॉपीवर. कच्चा साठा एकदा दोन ठिकाणी ठेवला की पुढचं काहीही चुकलं तरी पुन्हा करता येतं.

थ्रेड जोडणं

प्रत्येक मेसेजला एक मेसेज-आयडी असतो, जगात एकमेव. आणि उत्तरात रेफरन्सेस नावाची ओळ असते, तिच्यात आधीच्या सगळ्या पूर्वजांचे आयडी ओळीने, शेवटचा म्हणजे थेट बाप. बहुतेक थ्रेड एवढ्यावरच नीट जुळतात. उरलेल्यांत मजा असते. काही क्लायंट ही ओळ लांब झाली की मधले आयडी कापतात, मेल आणि न्यूजग्रुप जोडणारे काही गेटवे ती पूर्ण टाकूनच देतात. मधला मेसेज सर्व्हरवर शिल्लक नसला तरी झाड तुटू न देणारी एक पद्धत जेमी झविन्स्की या प्रोग्रॅमरने नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या मेल-न्यूजसाठी केली होती, तिचं वर्णन सहज मिळतं, थ्रेडिंग स्वतः लिहायचं असेल तर तीच वापरा.

संदर्भच नसेल तर विषयावरून जुळवायचं, पण जपून. 'मदत हवी', 'एरर येतोय', 'इन्स्टॉल होत नाही' असे विषय दहा वर्षांत दोनशेवेळा आलेले असतात आणि आंधळेपणाने जुळवलं तर दोनशे माणसांची दोनशे दुखणी एका थ्रेडमध्ये. माझा नियम असा, विषय सारखा असेल, पुढे रिप्लायची खूण असेल आणि दोन मेसेजमध्ये फार तर दोन-तीन आठवड्यांचं अंतर असेल तरच जोडा, नाहीतर वेगळा राहू द्या. रिप्लायची खूण आरई एवढीच नसते हेही बघा, जर्मन आउटलुकवाल्यांचा रिप्लाय एडब्ल्यू ने सुरू होतो, आणि मधेच विषय बदलून कंसात जुना विषय लिहायची पद्धत होती.

तारखांचा घोळ वेगळाच. मेसेजवरची तारीख लिहिणाऱ्याच्या मशीनच्या घड्याळाची. मदरबोर्डची बॅटरी गेलेली असली की मेसेज १९८० सालचा दिसतो, कुणी वर्ष चुकीचं लावलेलं असलं की भविष्यातला. फोरम तारखेने लावतो, मग उत्तर वर आणि प्रश्न खाली, आणि भविष्यातला मेसेज कायमचा पहिल्या पानावर ठाण मांडून बसतो. त्यामुळे सर्व्हरने स्वतः टाकलेली तारीख हेडरमध्ये, म्हणजे मेसेजच्या वरच्या माहितीच्या ओळींत, असेल तर ती धरा, नसेल तर ग्रुपमधला मेसेज नंबर बघा, शेजारच्या नंबरांच्या तारखा मधल्याला सरळ करतात.

एकच मेसेज तीन ग्रुपांत टाकलेला असतो, त्याचा आयडी तिन्हीकडे एकच असतो, तो एकदाच घ्या.

डिस्कोर्सकडे एमबॉक्ससाठी, म्हणजे मेल साठवायच्या जुन्या फाईल फॉरमॅटसाठी, तयार इम्पोर्टर आहे, प्रत्येक ग्रुपसाठी एक फोल्डर केला की त्याची एक कॅटेगरी होते. तो आधी सगळे मेसेज एका छोट्या एसक्यूलाईट डेटाबेसात मांडून घेतो आणि मग आत घालतो. या दोनांच्या मधे थांबा. त्या डेटाबेसात जाऊन अनाथ मेसेज किती, सगळ्यात लांब थ्रेड कुठला, १९८० चे किती हे बघा आणि तिथेच दुरुस्त करा. फोरममध्ये गेल्यावर दुरुस्त करणं म्हणजे नाकीनऊ.

अक्षरं आणि मार्कडाऊन

जुन्या फॉन्टातलं मराठी पत्र दुसऱ्या मशीनवर उघडून ज्यांनी कधी नुसती चिन्हं बघितली आहेत त्यांना हा भाग लगेच कळेल. जुन्या मेसेजात एन्कोडिंग, म्हणजे कुठला बाईट कुठलं अक्षर, हे सांगितलेलं नसतंच कितीदा, किंवा सांगितलेलं एक आणि आत दुसरं. इंग्रजी ग्रुप असला तर यूटीएफ-८ म्हणून वाचून बघा, नाही वाचलं तर विंडोज-१२५२ धरा, बहुतेक सुटतं. रशियन, जपानी ग्रुप असतील तर त्या भाषेच्या माणसाला नमुने दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. ओळीच्या शेवटी बरोबरचं चिन्ह आणि २० असा आकडा दिसला तर क्वोटेड-प्रिंटेबल, म्हणजे मेलमध्ये खास अक्षरं आकड्यांत लिहायची पद्धत, उलगडायचं राहिलंय. मजकुराच्या मधेच अर्थहीन अक्षरांच्या सारख्या लांबीच्या ओळी दिसल्या तर ती युयुएन्कोड केलेली फाईल आहे, स्क्रीनशॉट किंवा झिप, ती अटॅचमेंट म्हणून बाहेर काढा.

याच्याहून जास्त नुकसान मार्कडाऊन करतं, आणि ते दिसतही नाही. न्यूजग्रुपात माणसाने साधा मजकूर लिहिला, फोरम त्याला मार्कडाऊन समजतो, म्हणजे तारे-रेघा अशा चिन्हांनी मजकूर ठळक-तिरपा करायची पद्धत. गुणाकाराचे दोन तारे असले की मधलं तिरपं होतं आणि तारे गायब, म्हणजे सूत्रच चुकीचं. पायथनमधलं दोन-दोन अंडरस्कोअरचं नाव ठळक होतं आणि अंडरस्कोअर गायब. सी प्रोग्रॅममध्ये इन्क्लूडच्या पुढे कोनी कंसात फाईलचं नाव असतं, फोरमला तो एचटीएमएलचा टॅग वाटतो आणि नाव पूर्ण नाहीसं होतं. म्हणजे वाचणाऱ्याला उत्तर दिसतं, तो ते कॉपी करतो, चालत नाही, आणि बिचाऱ्या उत्तर देणाऱ्याचं नाव खराब. तेव्हा इम्पोर्ट करताना कोडसारख्या दिसणाऱ्या ओळी ओळखून कोडच्या चौकटीत टाका, आणि बाकी मजकुरातली ही खास चिन्हं एस्केप करा, म्हणजे फोरम ती जशीच्या तशी दाखवेल. सही सुरू व्हायची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा आणि एक स्पेस, तिथून खालचं कापून टाकलं तर चालतं, पण सहीत माणसाने स्वतःच्या टूलची लिंक दिलेली असते, तिचा कुणाला उपयोग होत असेल तर प्रोफाईलमध्ये ठेवा.

माणसांची खाती

इम्पोर्ट सुरू करायच्या आधी फोरमवरून बाहेर जाणारे सगळे मेल बंद करा, आणि ते खरंच बंद झालेत का हे एका टेस्ट मेलने तपासा. नाहीतर पंधरा वर्षांपूर्वी एकदा प्रश्न विचारून गेलेल्या हजारो माणसांना 'तुमच्या पोस्टला उत्तर आलंय' म्हणून मेल जातात, आणि तुमचं डोमेन स्पॅममध्ये पडतं.

जुन्या लोकांची खाती डिस्कोर्समध्ये स्टेज्ड म्हणून करता येतात, म्हणजे नाव आहे, पोस्ट आहेत, पण लॉगिन नाही. तो माणूस त्याच मेल पत्त्याने आला की खातं त्याचं होतं आणि जुनी सगळी उत्तरं त्याच्या नावावर दिसतात. बऱ्याच जणांनी स्पॅमच्या भीतीने खोटा पत्ता टाकलेला असतो, मधे नोस्पॅम वगैरे घालून, त्यांच्यासाठी हाताने जुळवायची सोय ठेवा. एकाच नावाचे तीन पत्ते दिसले तरी आपोआप एक करू नका, जॉन स्मिथ खूप असतात.

मेल पत्ता फोरमवर कुठेही उघडा दिसता कामा नये, मजकुरात क्वोट केलेल्या ओळीतही नाही, तिथे हमखास राहून जातो. कुणी हेडरमध्ये एक्स-नो-आर्काईव्ह येस असं लिहिलं असेल तर त्याने साठवू नका म्हणून स्पष्ट सांगितलंय, तो मेसेज घेऊ नका. कुणी मागाहून माझं नाव काढा म्हणाला तर काढा, युरोपातले युजर असतील तर २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी काढावं. नाव काढलं तरी उत्तर ठेवता येतं.

कॅटेगरी कमी ठेवा

चाळीस ग्रुप होते म्हणून चाळीस कॅटेगरी करू नका. न्यूजरीडरमध्ये रिकामा ग्रुप कुणाच्या डोळ्यावर येत नाही, फोरमच्या पहिल्या पानावर मात्र 'शेवटची पोस्ट दोन वर्षांपूर्वी' असं लिहून येतं आणि नवीन माणूस समजतो की इथे कुणी नाही. पाच-सहा पुरे, बाकीचं टॅगने. जुन्या ग्रुपचं नाव टॅग म्हणून ठेवा, जुन्यांना त्याच नावाने शोधायची सवय असते.

आधी रंगीत तालीम

पूर्ण इम्पोर्ट एका वेगळ्या टेस्ट सर्व्हरवर करा, पासवर्ड लावून, गूगलला दिसणार नाही असा. मग त्या यादीतल्या चार-पाच जणांना बोलवा आणि सांगा, तुम्हाला आठवणारे थ्रेड शोधा. त्यांना ग्रुप पाठ असतो. 'त्या प्रिंटर ड्रायव्हरच्या भांडणात माझं एक लांब उत्तर होतं ते कुठे गेलं' असं जे ते सांगतील ते कुठलीही टेस्ट स्क्रिप्ट सांगणार नाही. फक्त त्यांच्यापुरते मेल चालू ठेवून त्यांनाच मेलवरून उत्तर पाठवून बघायला सांगा, डिस्कोर्समधला मेलिंग लिस्ट मोड चालू करून द्या, तो लावला की प्रत्येक पोस्ट मेलने येते आणि मेलनेच उत्तर देता येतं, न्यूजरीडर सुटलेल्या माणसाला यात सगळ्यात कमी त्रास होतो. त्यांनी सांगितलेलं दुरुस्त करा आणि पुन्हा दाखवा. घाई करू नका.

बदलाचा दिवस

तारीख महिनाभर आधी सांगा, ग्रुपमध्येच, दर आठवड्याला एकदा, त्याच विषयाने. नवीन रिलीजच्या आठवड्यात नको, शुक्रवारी नको. त्या दिवशी ग्रुपवर लिहिणं बंद करा, आयएनएन हे न्यूज सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल तर ग्रुपचा फ्लॅग वाय वरून एन केला की वाचता येतं पण लिहिता येत नाही. मग टेस्टनंतर आलेले तेवढेच मेसेज उतरवा, आत घाला, आणि फोरम उघडा. सगळी माणसं आत आली, चालतंय असं दिसलं, की मगच बाहेर जाणारे मेल चालू.

जो मेसेज-आयडी फोरमवरच्या ज्या पानावर गेला त्याची यादी जपून ठेवा. जुन्या उत्तरांत लोक एकमेकांना आयडी देऊन संदर्भ देतात, त्या लिंका या यादीवरून नव्या पानावर वळवता येतात. याला दोन दिवस लागतात आणि त्याचा फायदा वर्षानुवर्षं होतो, तरी हेच काम सगळ्यात आधी 'नंतर बघू' मध्ये जातं.

ग्रुप पब्लिक यूजनेटवर असेल तर तिथे महिन्यातून एकदा एक छोटी पोस्ट टाकत राहा, आता आम्ही कुठे आहोत एवढंच सांगणारी. आणि तिथे कुणी प्रश्न विचारला तर 'इकडे या' एवढंच म्हणू नका, आधी उत्तर द्या, मग पत्ता द्या.

पहिले दोन-तीन महिने

या काळात एकही प्रश्न उत्तराशिवाय राहता कामा नये. रोज सकाळी बिनउत्तराच्या प्रश्नांची यादी काढा, जमेल ते स्वतः उत्तर द्या, नाही जमलं तर डेव्हलपरच्या मागे लागा. ठराविक साच्यातली उत्तरं मात्र टाकू नका, 'कृपया रीइन्स्टॉल करून बघा, धन्यवाद' हे दहा वेळा दिसलं की जाणकार माणूस तिथे थांबत नाही, आणि प्रश्नकर्त्याने आधीच लिहिलेलं असतं की रीइन्स्टॉल करून झालंय.

जुन्या मंडळींना पहिल्याच दिवशी वरची ट्रस्ट लेव्हल, म्हणजे फोरमवरची जास्त मोकळीक देणारी पायरी, द्या. ज्याने हजारभर उत्तरं दिलीत त्याला 'नवीन युजर, तुम्ही एका पोस्टमध्ये दोनच लिंका देऊ शकता' असा मेसेज येणं हा अपमान आहे, आणि तो खरंच येतो, कारण फोरमच्या लेखी तो आजच जन्मलाय. पॉइंट आणि बॅजचं फार कौतुक करू नका, थोडे असू देत, पण पॉइंटसाठी घाईघाईने अर्धवट उत्तरं यायला लागली की बंद करा. सोडवलं अशी खूण मात्र जरूर चालू करा, तिचा उपयोग पुढच्या शोधणाऱ्याला होतो, आणि प्रश्नकर्ता खूण करायला विसरला तर जुन्यांनाही ती करायचा अधिकार द्या.

कोण आलं नाही ते बघा. यादी काढली होती ना, तिच्यावर टिक करत जा. महिन्याभरात जो दिसला नाही त्याला मेल करा, सरळ विचारा काय अडतंय. बऱ्याचदा अगदी क्षुल्लक निघतं, अक्षर बारीक दिसतं, मेल उशिरा येतात, जुन्या पत्त्याचा पासवर्ड नाही. दहा मिनिटांत सुटतं आणि माणूस परत येतो. काही जण येणारच नाहीत, त्यांना त्यांच्या उत्तरांबद्दल मनापासून धन्यवाद लिहा आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच नावाने ठेवा.

जुना न्यूज सर्व्हर लगेच बंद करू नका. वर्षभर तरी वाचण्यापुरता चालू राहू द्या, खर्च फार नसतो. बंद करायच्या आधी शेवटचं एकदा सगळं उतरवून तुमच्या साठ्याशी ताडून बघा, आणि कंपनीची परवानगी असेल तर पब्लिक ग्रुपांची एक प्रत इंटरनेट आर्काईव्हला द्या, त्यांच्याकडे यूजनेटचे मोठे जुने साठे आधीपासून आहेत. परवानगी मागायचा मेल आत्ताच टाकून ठेवा, लीगलकडून उत्तर यायला वेळ लागतो.